म्हशीचा ढग करणारा हबीब

हबीब फोटोवाल्याशी बोलायला लागलात की पहिल्यांदा तुम्हाला राग येणार. कारण तो तुमच्याकडं बघत नाही, तुमच्या खांद्यावरून मागं बघतो. तुम्ही सांगताय की घरात माणूस आजारी आहे, आणि हा तुमच्या कानाच्या बाजूनं लांब कुठंतरी नजर लावून मान डोलावतोय. नवा माणूस हमखास वळून बघतो, मागं कोण आलं म्हणून. मागं कोणी नसतं. बाभळीचं झाड असतं, नाहीतर एसटी स्टँडची भिंत, नाहीतर उकिरडा. हबीब मनातल्या मनात एवढंच बघत असतो, की हे वितळंल का नाही.

माझ्या थोरल्या लेकीच्या सुपारीत तर त्यानं कहर केला. नवरदेवाचा बाप घराणं सांगत होता, शेती सांगत होता, आणि हबीब त्याच्या डोक्यामागं डोळे लावून बसलेला. पाव्हणा एकदा वळला, दोनदा वळला, मग फेटा काढून चाचपायला लागला, काही चिकटलंय का म्हणून. शेवटी मीच म्हणालो, "पाव्हणं, घाबरू नका. तुमच्या मागं तुरीचं रान हाय. ते त्याला आवडलंय."

हबीबचं दुकान केजला, तहसीलच्या रस्त्याला. माझं गाव तिथून सायकलीच्या टप्प्यात. आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी चेअरमन. शाळा मी तिसरीत सोडली, पण चेअरमनकी पोरं मोठी होऊन नातवंडं झाली तरी सोडली नाही. संस्थेचा कुठलाही फोटो काढायचा तर हबीबच पाहिजे, हा माझा नियम. लोक म्हणायचे, परळीचा फोटोवाला स्वस्त आहे, झटपट देतो. असंल. मी एकदा धरलेला माणूस बदलत नाही, बैल असो का फोटोवाला.

आता वितळणं म्हणजे काय, ते सांगतो. साध्या फोटोवाल्याच्या फोटोत माणूसही दिसतो आणि मागच्या भिंतीवरचा खडूनं लिहिलेला मजकूरही दिसतो. बघणारा आधी मजकूरच वाचतो. हबीबच्या फोटोत माणसाची पापणी न् पापणी मोजून घ्या, पण मागचं सगळं मऊ होऊन गेलेलं असतं. झाड हे झाड राहत नाही, नुसता हिरवा ओलावा होतो. पानांतून येणारं ऊन गोल गोल थेंब होऊन लटकतं. हे सगळं करतं ते भिंग, आणि भिंग पाहिजे जपानी, तेही जुनं. नव्या भिंगाचं नाव काढलं की हबीब थुंकायचा. "नया काच हाय ना चेअरमन, लई शाना. सगळं दाखवतो. सगळं दाखवणारा माणूस तुमाला आवडतो का? मग काच कावून आवडावा?"

अशी तीन भिंगं त्याच्याकडं होती आणि तिघांना नावं होती. पहिल्याचं नाव साय. परळीला थर्मल वीजकेंद्रावर आलेला कोणी इंजिनिअर बदलीच्या वेळी ते देऊन गेला. त्याच्या रिंगेत राख बसली होती, फिरवली की कर्रकर्र वाजायची. हबीबनं ती सुईच्या टोकानं साफ केली. हे भिंग मागचं असं वितळवायचं, की तापलेल्या दुधावर हळूहळू साय धरावी. दुसरं खळं. त्यात मागची झाडं गोल फिरल्यासारखी दिसायची, मळणीला बैल फिरतात तशी, आणि मधे माणूस तिवड्याच्या खांबासारखा उभा. तिसरं बुडबुडा. त्यात मागच्या उजेडाचे साबणाच्या फुग्यासारखे फुगे व्हायचे, कडा उठून दिसणारे. लग्नाला साय, जत्रेला बुडबुडा, आणि पुढाऱ्याला खळं. मी विचारलं, पुढाऱ्याला खळं कशाला? म्हणाला, "त्याला वाटायला पायजे, दुनिया आपल्याच भोवती फिरतीय."

सायीची काच म्हातारपणानं पिवळी पडली होती. हबीबला कोणीतरी सांगितलं, उन्हात ठेवलं की पिवळेपणा उतरतो. झालं. उन्हाळ्यात त्याची बायको जुबेदाभाभी गच्चीवर कुरडया वाळत घालायची, त्याच बाजेवर कुरडयांच्या रांगेत यानं भिंग वाळत घातलं. भाभी खालून ओरडायची, "उसको भी तल के खाव अब!" शेजारणी विचारायच्या, हा कोणता पापड? तर भाभी म्हणायची, "जपानी हाय. चावत न्हाई, नुसता बघतो."

आमच्याकडं पाऊस नाही म्हणून सगळा तालुका कपाळाला हात लावायचा. हबीब एकटाच त्यातही चांगलं काढायचा. "कोकणात एक दोस्त हाय माझा, फोटोवाला. त्याच्या सगळ्या भिंगांत बुरशी! आपल्या बीडमधी काय टाप हाय बुरशीची?" असं म्हणायचा, आणि लोकांनी मारायच्या आत सायकलवर बसायचा.

या वितळण्यापायी आमच्या संस्थेत एकदा फूट पडायची वेळ आली होती. दूध थंड करायचं नवं मशीन आलं, तेव्हा संचालक मंडळाचा फोटो ठरला. सगळे मशीनपुढं उभे राहिले, मी पुढं, बाकीचे मागं-पुढं जसे जागा मिळेल तसे. हबीबनं साय लावली आणि रिंग पुरी उघडली. फोटो आला तर मी एकटा लख्ख. मशीन म्हणजे चांदीचा धूर. आणि आमचे व्हाइस चेअरमन भानुदास तात्या, ते जिथं होते तिथं नुसता पांढरा सदरा तरंगतोय, त्यावर काकवीचा डाग पडावा तसं तोंड.

तात्या फोटो घेऊन माझ्या ओट्यावर आले. "चेअरमन, मला वितळवायचा ठराव कोणत्या मीटिंगमधी झाला?"

मी म्हणालो, "मला काय इचारता? भिंगाला इचारा."

"भिंग कोणाच्या गटाचं हाय, ते सगळ्या गावाला ठाव हाय."

गाव दोन दिवस तेच बोलत होतं. चेअरमननं विरोधी गटाला फोटोतच संपवलं. तात्या हबीबच्या दुकानात जाऊन भांडले. हबीब शांतपणे त्यांच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "तात्या, तुमी एक पाऊल मागं हुते. एका पावलात माणूस सदरा होतो. माझा काय गुन्हा?" तेव्हापासून संस्थेच्या फोटोला आम्ही जमिनीवर चुन्याची रेघ मारायला लागलो. दोन्ही गटांचे अंगठे रेघेवर. कबड्डीला लागत नाही एवढी घासाघीस त्या रेघेवर झालेली आहे. कोणाचा अंगठा पुढं गेला की लगेच दुसऱ्या गटाचा माणूस ओरडायचा, "ए, लख्ख व्हायला निघाला बघ!"

मग तो वाईट दुष्काळ आला. नदीत वाळू राहिली, विहिरीत गाळ. तरणीताठी माणसं जोडीनं ऊसतोडीला लांबच्या कारखान्यांवर गेली होती, आणि मागं म्हातारी माणसं आणि जनावरं. आमच्या संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी काढली. पाचटाची छपरं, जनावरांच्या दावणी, टँकरच्या पाण्याचा हौद. चाऱ्याला उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे. गावातली सगळी म्हातारी तिथंच जनावरांशेजारी बाज टाकून राहायला आली. छावणी होती म्हणून जनावरं खाटकाच्या बाजारात गेली नव्हती. एवढं साधं गणित होतं.

छावणी तपासायला वरून एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. म्हणाले, "चेअरमन, कागदावर जनावरं कोणीही लिहितं. मला प्रत्येक जनावराचा मालकासोबत फोटो पाहिजे. शुक्रवारपर्यंत आले नाहीत तर छावणी बंद." मोबाईलला तेव्हा अजून डोळा फुटला नव्हता. मी म्हणालो, "आमचा फोटोवाला हाय. एक नंबर."

हबीब आला. दिवस उगवायच्या वेळी यायचा आणि ऊन तापलं की जायचा. एकेका म्हाताऱ्याला दावणीपासून पुढं ओढायचा. "पुढं या बाबा, अजून पुढं. भिताडाला चिकटली ती पाल, माणूस न्हवं." शेषाबाई म्हणून आमच्याकडं एक म्हातारी आहे, जन्मात फोटो काढला नव्हता. तिला म्हणाला, "मौसी, पदर जरा सरकवा, टिकली दिसू द्या." ती म्हणाली, "अरं मेल्या, म्हशीचा फोटो काढायला आलास का माझा?" पण पदर सरकवला.

फोटो आले आणि छावणीत दिवाळी झाली. म्हातारी माणसं असली देखणी दिसत होती की त्यांची त्यांनाच ओळख पटेना. प्रत्येक सुरकुती कोरलेली. शेषाबाईच्या डोळ्यात तर सगळं आभाळ उतरलं होतं. ती म्हणाली, "ह्यो माझ्या सुनंला कारखान्यावर पाठवा. म्हणावं, सासू अजून हाय." मीही खूश. फोटोंचा गठ्ठा घेऊन तहसीलला गेलो.

साहेबांनी पहिला फोटो घेतला. जवळ धरला, लांब धरला. "म्हातारी छान आली आहे. म्हैस कुठाय?"

मी बोट ठेवलं. "ही काय मागं."

"हे काळं?"

"हां."

"हा ढग आहे, चेअरमन."

मी म्हणालो, "साहेब, ढग असता तर छावणी कावून काढली असती?"

आसपासचे कारकून हसले, साहेबही हसले, पण सही काही केली नाही. पाण्याचा हौद म्हणजे मोत्याची माळ दिसत होती, दावण म्हणजे पिवळं धुकं. गठ्ठा परत माझ्या हातात देऊन म्हणाले, "मला जनावर दिसलं पाहिजे. शिंगं, बरगड्या, दावं, हौद, सगळं. शुक्रवार विसरू नका."

तिथून मी तडक हबीबच्या दुकानात. स्टोव्हवर त्याचा चहा उतू चालला होता आणि तो भिंगावर फुंकर मारत होता.

"हबीब, तुझ्या म्हशींचे ढग झाले."

त्याचं तोंड फुललं. "सायनं केलं ना? बोललो हुतो मी. साय कधी दगा देत न्हाई."

"अरे बाबा, छावणी बंद हुतीय! सगळं साफ दिसणारे फोटो पायजेत. त्या रिंगेवर काय आकडे असतेत, ते कर काय करायचं ते."

"सोळा?" त्यानं असं विचारलं जसं मी त्याला शिळं खायला सांगितलं. सोळा म्हणजे रिंगेवरचा तो आकडा, ज्यावर मागचं-पुढचं सगळं साफ येतं. "सोळावर तर गाढव बी फोटो काढतंय, चेअरमन. मी न्हाई काढत."

"मग मी परळीचा आणतो."

हे मी बोलायला नको होतं, पण बोललो, आणि मी बोललेलं मागं घेत नाही. हबीबनं स्टोव्ह बंद केला. मग म्हणाला, "आणा. तो सगळं दाखवंल. म्हातारीच्या मागं हाडकं दिसतील, भेगा दिसतील, टँकरच्या मागं घागरींची रांग दिसंल. दुष्काळ दोन सालाचा असतो, चेअरमन. फोटो पन्नास सालाचा. शेषामौसी मरून जाईल अन् तिचा नातू फोटो बघंल. त्याला आजी दिसायला पायजे का भेगा? म्या आजवर एका बी पोरीच्या फोटोत टँकर येऊ दिला न्हाई. सगळं वितळवलं. आता तुमी म्हणता, काढ."

हा वितळण्याचा नाद मी आजवर चाळा समजत होतो.

मी एवढंच म्हणालो, "हबीब, छावणी उठली तर जनावरं कुठं जाणार, ते तुला बी ठाव हाय. तुझी लाली बी तिथंच हाय."

लाली ही त्याची गाय. खरं तर जुबेदाभाभीची. केजच्या आपल्या अंगणात भाभीनं ती वासरापासून वाढवली. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन भाभी केजातल्या आमच्या डेअरीच्या गाडीपाशी उभी राहायची, आणि माप घेणाऱ्या माणसाला एक थेंब इकडचा तिकडं करू द्यायची नाही. "नीट भर बे, शौहर फोटोवाला हाय, मापवाला न्हाई." आदल्या थंडीत भाभी आठ-दहा दिवसांच्या तापानं गेली. लोकांना वाटलं, हबीब गाय विकणार. फोटोवाल्याला गायीचं काय करायचंय? हबीबनं विकली नाही. छावणी सुरू झाल्या झाल्या पहिल्या दिवशी तो लालीला दाव्यानं ओढत चालत घेऊन आला. धार त्याला कधी जमली नाही. लालीनं दोनदा लाथ मारली, मग शेषाबाईच काढायला लागली. हबीब रोज संध्याकाळी सायकलवर यायचा, थोडा वेळ गायीपाशी उभा राहायचा, आणि जायचा.

लालीचं नाव काढल्यावर तो परत भिंगावर फुंकर मारायला लागला. मला वाटलं, परळीला जावं लागतंय.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आम्ही सगळे छपराखाली आडवे झालेलो, तर माळावरून सायकल येताना दिसली. हबीब. एवढ्या उन्हात त्यानं कधी कॅमेरा बाहेर काढला नव्हता. म्हणाला, "ऊन कडक पायजे सोळाला. उठवा सगळ्यांना."

त्यानं सगळे फोटो काढले. कोणाला पुढं ओढलं नाही. म्हैस जिथं, म्हातारा तिथं, खट्. पुढं चला. शेषाबाईनं पदर सरकवून टिकली दाखवली, तर म्हणाला, "मौसी, आज म्हशीचाच हाय." भानुदास तात्याही आपल्या बैलाशेजारी छाती काढून उभे होते. त्यांनी विचारलं, "आज मी वितळणार का?" हबीब म्हणाला, "आज कोणीच न्हाई वितळणार, तात्या. आज समद्यांचं वाईट हाय."

दावण संपली. टोकाला लाली एकटीच उभी होती. हबीब कॅमेरा गुंडाळायला लागला.

मी म्हणालो, "लालीचा?"

"मालक पायजे ना सोबत."

"मग तू कोण हायस?"

"मी काढणारा. काढणारा कसा येणार फोटोत?"

"मालकाबिगर फोटो गेला तर साहेब गाय काढून टाकील. आण इकडं तो डबा."

उभ्या जन्मात त्यानं तो कॅमेरा कोणाच्या हातात दिला नव्हता. भाभीलासुद्धा पुसायला द्यायचा नाही. आता माझ्यासारख्या नांगरधऱ्याच्या हातात देताना त्याची बोटं सुटता सुटेनात. पट्टा माझ्या गळ्यात घातला, माझे हात धरून जिथल्या तिथं बसवले. "दाबायचा, ओढायचा न्हाई. श्वास धरायचा. सोळावर हाय, तुमाला बी जमंल."

"गाढव म्हणतोस का बे मला?"

खूप दिवसांनी तो हसला. जाऊन लालीच्या मानेपाशी उभा राहिला. मी एक डोळा मिटून बघितलं. गाय दिसली, हबीब दिसला, वाढं, हौद, माळ, सगळं लख्ख. लालीच्या बरगड्या, आणि हबीबच्याही.

"काढू?"

"थांबा. जरा सरका. इकडं." त्यानं हातानं मला बाजूला व्हायला सांगितलं. मी सरकलो. "अजून." अजून सरकलो. आता हबीब फोटोच्या पार कडेला गेला, आणि गायीच्या दुसऱ्या अंगाला नुसती मोकळी जमीन यायला लागली.

"अरे, तू निम्मा बाहेर चाललास. अन् इकडं काय हाय? नुसती माती. जागा कशाला नासतोस?"

"येऊ द्या ती."

"पण हाय काय तिथं?"

हबीब लालीच्या गळ्यातलं दावं उगाच सारखं करत राहिला. दावं नीटच होतं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तिथं बसायची ना ती. धार काढायला."

मी परत डोळा लावला. श्वास धरला आणि दाबलं.

शुक्रवारी मी गठ्ठा घेऊन तहसीलला गेलो. हबीब दारापाशी उभा राहिला, आत आला नाही. साहेब एकेक फोटो बघत होते, मान हलवत होते, शिक्का मारत होते. शिंगं होती, दावी होती, हौदातलं पाणी होतं. छावणी वाचली हे मला निम्म्या गठ्ठ्यातच कळलं. शेवटच्या फोटोवर साहेबांचा हात थांबला.

"हा कोणी काढला? माणूस पार कडेला गेलाय, आणि इकडं एवढी जागा रिकामी. वाकडा आलाय, चेअरमन. मधोमध पाहिजे होता."

"तो मी काढलाय," मी म्हणालो. "मधोमधच हाय."

"अहो, कुठं मधोमध आहे?"

"गाय मधी हाय. बघा की नीट."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग फोटो पुन्हा जवळ घेतला, बघितला, आणि शिक्का उचलला.